उतरा, चहा झाला

माझ्या खारवलेल्या मुळ्यांच्या पिंपाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर पिंपाला बुरशी लागो.

शेजारच्या त्सुयाच्या घरातली सरकती दारं त्या दिवशी सकाळी अडकली. कागदाची दारं ती, एरवी एका बोटानं सरकायची. दार अडकलं की समजायचं, छपरावरच्या बर्फाचं ओझं खांबांवर आलं. आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण त्सुयाचा मुलगा मिनोरू तोक्योला राहून शहाणा झालेला. कानात ती इअरफोनची बोंडं घालून बसायचा आणि दिवसभर हवामान ऐकायचा.

“आई, दुपारी ऊन पडणार आहे. वितळेल आपोआप.”

“काल काय पडणार होतं?”

“काल... हलकासा पाऊस.”

“मग जा, बघ जा तो पाऊस. आधी बर्फात खिडकी कुठे सापडते का बघ.”

वसंतातला बाहुल्यांचा सण होऊन गेला होता. हिवाळा संपला असं रेडिओनं दोनदा सांगितलं, म्हणून आम्ही फावडी धुऊन ठेवलेली. आणि वर हा मार्चातला ओला बर्फ, भिजलेल्या गादीसारखा जड.

मिनोरू आला होता आईला कायमचं घेऊन जायला. ती हलायला तयार नव्हती. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यालाच तेवढं नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तिचा नवरा इसाबुरो बर्फ काढायला छपरावर चढला होता. गारठा टिकणार असं रेडिओ म्हणालेला. गारठा काही टिकला नाही. ऊब आली, बर्फाची लादी सुटली आणि इसाबुरोला घेऊन खाली आली. आता आमच्याकडची रीत अशी, की वरच्यानं आपल्या मनानं उतरायचं नाही. खाली एक माणूस उभा असतो. तो वाट मोकळी आहे ना ते बघतो आणि हाक देतो, “उतरा, चहा झाला!” वरचा म्हणतो, “आलो!” मगच शिडीवर पाय ठेवतो. त्सुयानं हाक द्यायच्या आतच इसाबुरो गेला. म्हणजे ‘उतरा’ असं त्याला कुणी म्हटलंच नाही.

मग तो उतरणार कसा?

या हिवाळ्यात गावातल्या प्रत्येक छपरावर माणूस बुडेल एवढा बर्फ. त्सुयाचं छप्पर मात्र रोज झाडून काढल्यासारखं. आणि वरून फावड्याचा आवाज. खर्र... धप्प. खर्र... धप्प. माझं घर लागूनच, मी रोज ऐकायची. आमच्या ह्यांना म्हणायची, “बघा, इसाबुरो मेला तरी काम करतोय. तुम्ही जिवंत असून लोळताय.”

त्सुया तो आवाज ऐकत ऐकत जेवायची. हाक मात्र कधी द्यायची नाही. हाक दिली की तो उतरणार. उतरला की गेला.

पण हा ओला बर्फ त्याला एकट्याला आवरेना. सकाळपासून वरचं फावडं धापा टाकत होतं. तुळई करकरली. त्सुयानं टोपी चढवली, फावडं उचललं. “तू ऐक बातम्या. मी चढते.”

मिनोरूनं फावडं हिसकावलं. “या वयात? वर चढायचं नाही, सांगून ठेवतो. खाली उभी राहा गपचूप.” आणि रागारागात कमरेला दोरही न बांधता चढला.

मी माझ्या दारातली वाट उपसत होते. फावडी दोन ऐकू येत होती. दिसत होतं एकच.

मग आढ्याखाली बर्फात एक चीर पडली. बोटभर रुंद. मिनोरूची तिकडे पाठ. त्सुयाला शिडीच्या पायथ्यापासून चीर दिसली. तिनं तोंड उघडलं. परत मिटलं.

“अगं हाक मार!” मी ओरडले. “पोटचा पोर आहे, मेले!”

तिनं वर बघितलं. पोराकडे नाही, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे. आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, “उतरा आता! दोघंही उतरा! चहा झाला!”

मिनोरूनं कानातली बोंडं काढली. “आलो!” म्हणाला. शिडी बाजूच्या भिंतीला होती. त्याचा पाय जमिनीला टेकला आणि मागे अख्ख्या छपराचा बर्फ सुटला. माझ्या घरातल्या बश्या खणखणल्या. मग सगळं शांत. फावड्याचा आवाज नाही. परत कधीच नाही.

चहा झालेला नव्हताच. त्सुयानं मग ठेवला. तीन पेले भरले. तिसऱ्यातली वाफ जाईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. वाटा मोकळ्या झाल्यावर मुलाबरोबर तोक्योला गेली. आता तिच्या छपरावर बर्फ साठतो, चारचौघांच्या साठतो तसाच.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. सांगून टाकते, पिंप भरलेलं आहे माझं. मिनोरूनं बोंडं काढलीच नव्हती. दुपारच्या उन्हाची बातमी ऐकत होता, आईची हाक त्याला ऐकूच गेली नाही. “आलो!” मात्र छपरावरून आलं. मी ऐकलं, त्सुयानं ऐकलं. मिनोरू खाली उतरला तो आईवर तणतणतच.

“वर चढू नकोस म्हटलं होतं ना तुला? आणि एवढा जोरात दंड धरून कुणी ओढतं का शिडीपर्यंत?”