परस कुणाच्या हवाली

"ऊठ गं. सारखं मांडीवर काय बसतीस? जा, तुझ्या आईकडं जा."

सुंदरबाईनं नातीला मांडीवरून खाली उतरवलं. चार वर्षांची गोदी आधी हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतेय. आजीनं तोंड फिरवलं तसं तिनं भोकाड पसरलं.

चुलीपुढं बसलेल्या अंजनाचा हात पिठातच थांबला. हीच का ती सासू? जी गोदीला शिंक आली तरी सगळी वस्ती गोळा करायची? दसऱ्यापासून बाईला काय झालं होतं, देव जाणे. पोरगी जवळ गेली की ढकलायची. रात्री शेजारी झोपू द्यायची नाही.

अन् आठ दिवसांवर ऊसतोडीला निघायचं होतं.

नवरा-बायको मिळून एक कोयता. अंजना आणि म्हाळू दर साली सहा महिने लांबच्या सहकारी कारखान्याच्या फडात राहायचे. गेल्या साली पहिल्यांदाच त्यांनी गोदीला आजीजवळ ठेवलं. चैतात परत आले, अंजना पिशवी टाकून धावली, तर पोरगी आजीच्या पदराआड लपली अन् म्हणाली, "ही कोन बाई हाय?" अंजना दोन दिवस जेवली नव्हती. तरी यंदाही तिनं मनावर दगड ठेवला होता. फडातल्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात, थंडी, साप, पहाटे चारला उठून चालणं. त्यापेक्षा लेकरू घरी बरं. पण आता सासूच झिडकारायला लागली, तर ठेवायचं कुणाजवळ?

त्यात परसाचं एक नवीनच कोडं. पाऊस यंदाही दगा देऊन गेला होता. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. शिवारात हिरवं म्हणून काही दिसत नव्हतं, पण सुंदरबाईच्या परसात वाल मांडवावर चढलेला, वांगी लागलेली, शेवगा उभा. बचतगटाच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. हे परस म्हणजे सुंदरबाईचा जीव. पाच वर्षांत तिनं सुनेला एका पानाला हात लावू दिला नव्हता. "तुला न्हाई कळायचं," एवढंच बोलायची. आणि दसऱ्यापासून तीच बाई कोपऱ्यात हाताची घडी घालून बसायची अन् सगळं अंजनाकडून करून घ्यायची.

न्हाणीचं पाणी कुठल्या आळ्याला सोडायचं. झाडाच्या बुडाशी पुरलेलं मडकं किती दिवसांनी भरायचं. पाचट कसं अंथरायचं. चुकलं की आरडाओरडा.

"दुपारची वांग्यांनी मान टाकली, की लगेच तांब्या घेऊन धावू नको. सांजच्याला बघ. आपली आपण उठली तर पाणी न्हाई. सांजच्यालाबी पडलेली असली, तवाच दे."

"आत्या, पर आमी तर आता जानार," अंजना म्हणाली. "मला हे शिकून काय करायचंय?"

"सांगते तेवढं ध्यानात ठेव."

अंजनाचं डोकं भणाणून गेलं. हिला झालंय तरी काय? आजारी आहे का? मरणाचं भय वाटतंय का? की आम्हाला वेगळं काढायचा बेत आहे? तिनं म्हाळूला विचारलं. तो गडी नुसता विळ्याला धार लावत बसला. "मला काय माहीत," म्हणाला अन् उठून गेला. एरवी आईच्या चार तक्रारी रोज सांगणारा माणूस! म्हणजे दोघांचं संगनमत आहे तर. अंजना रात्रभर कूस बदलत राहिली. रडूही येत होतं अन् रागही.

निघायच्या दिवशी सकाळी बंकट मुकादमाचा ट्रक पारापाशी लागला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी वर चढली. अंजनानं मनाशी पक्कं केलं होतं. गोदीला तिनं कडेवर घेतलं, तिचं फाटकं स्वेटर गाठोड्यात कोंबलं अन् सासूच्या पुढं जाऊन उभी राहिली. आता नाही विचारायचं तर कधी?

"आत्या, माझं काय चुकलं तेवढं सांगा. लेकराला का म्हून तोडता? ठिवून घेऊ नका, मी नेते तिला फडात. पर तिनं तुमचं काय वाईट केलं?"

सुंदरबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा लुगड्यावर म्हाळूचा जुना शर्ट घातलेला होता, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं. ऊस तोडणारी बाई फडात निघते तशी. तिनं अंजनाच्या हातातलं गाठोडं काढून उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"बंकटला दसऱ्यालाच सांगितलंय. यंदा कोयता माझा अन् म्हाळूचा. बावीस साल तोडलाय मी ऊस, इसरले न्हाई अजून."

"आत्या! तुमची कंबर... अवो, आदी बोलायचं तरी!"

"बोलले असते तर तू जाऊ दिलं असतंस?"

गोदीनं आजीकडं हात पसरले. सुंदरबाईचा हात अर्धा पुढं आला. मग तिनं तो मागं घेतला अन् म्हाळूला धरून ट्रकमध्ये चढली. वर बसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चैतात येते," ती म्हणाली. "तवा पोरीनं मला न्हाई वळखलं तरी चालंल."