दोन नळ

नळवाला वैतागला होता. "मावशी, पाणी दारात आणून दिलंय. अख्ख्या वस्तीत कुणाचा नळ मोडत नाही, तुमचाच कसा मोडतो सारखा?"

"हातच जड आहे मेला," मावशी म्हणाली आणि पायाजवळचा दगड हळूच मागे सारला.

"विहिरीपलीकडच्या वस्तीतही एक घर आहे असंच. सून म्हणते, आपोआप मोडला. आणि मोडला रे मोडला की घागर घेऊन निघाली विहिरीवर! सासू बोटं मोडते तिच्या नावाने. एरवी दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत म्हणे तिला."

नळ यायच्या आधी दोन्ही वस्त्या त्या एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. चालून चालून पायांचे तुकडे पडायचे, पण मावशीने कधी कुरकुर केली नव्हती.

नळवाल्याने पाना फिरवून नळ घट्ट केला. "आज दोन्हीकडे लोखंडी बसवलेत. घण घातला तरी हलायचे नाहीत. आता जन्मात विहिरीचं तोंड बघायला नको. सुटलात!"

मावशी धो धो पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. तो हत्यारं आवरून निघाला, तेव्हा तिने विचारलं, "ती सून अंगाने कशी आहे रे? खंगली तर नाही ना?"

"का? तुमची कोण लागते ती?"

"लेक आहे माझी. आता नळ मोडायचे नाहीत, म्हणजे तूही यायचा नाहीस. म्हणून आत्ताच विचारून घेतलं."