अंबूबाईची विळी

आजही गोदूबाईनं वालाची परात आणून सुनेपुढं ठेवली. मोड आलेले वाल, कोमट पाण्यात भिजवलेले.

"बस पोरी निवांत. घाई नाही काही."

जमनानं एक वाल चिमटीत धरून दाबला. साल बोटांत राहिलं, डाळिंबी वाटीत पडली. शिमग्याआधी ती ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून घरी आली, तेव्हापासून वालच सोलत होती. वाल सोलायला चूल लागत नाही, विळी लागत नाही. घरात रोज बिरडं शिजत होतं. एकदाच तिचा नवरा काशीनाथ पानावर बसता बसता म्हणाला, "आज पण बिरडं?" गोदूबाईनं लेकाकडं असं पाहिलं, की त्यानं दोनदा वाढून घेतलं.

सगळे तिच्याशी हळू बोलायचे. परवा तिच्या हातून दुधाचं पातेलं कलंडलं. दूध पार उंबऱ्यापर्यंत गेलं. "असू दे हं," गोदूबाई म्हणाली. "असू दे." पूर्वी असं झालं असतं तर तिचा आवाज अख्ख्या आगरात ऐकू गेला असता.

चुलीच्या उजवीकडं, भिंतीलगत, विळीची जागा रिकामी होती. सारवलेल्या जमिनीवर पाटाचा ओरखडा तेवढा उरला होता. भाजी आता शेजारच्या अंबूबाईकडून चिरून यायची, गोदूबाईच्या पदराखालून.

"हल्ली डहाणूच्या बाजारात चिरलेलीच मिळते वाटतं?" जमनानं एकदा विचारलं होतं.

गोदूबाई गोंधळली. "अंबूची विळी धारेची आहे गो."

जेवणं झाली. पुरुषमाणसं वाडीत चिकू उतरवायला गेली. गोदूबाईनं दुधी पदराखाली घेतला. दाराशी थांबून तिनं जमनाकडं पाहिलं, झोपलेल्या नातीकडं पाहिलं. "आलेच," म्हणाली आणि कुंपणापलीकडं गेली.

थोड्या वेळानं बेबी उठली. चार वर्षांची. ती जमनाला आई म्हणत नसे, काहीच म्हणत नसे. काही हवं असलं की आजीला शोधायची. आज सगळं घर फिरून झालं, मागचं दार झालं, मग ती परातीजवळ येऊन उभी राहिली. हातात कैरी.

"चिरून दे."

जमनाचे हात पाण्यात थांबले.

"दगडानं फोडून देऊ?"

"नाही. आजी चिरते तशी. मीठमसाला लावून."

"आजी येईल आत्ता."

बेबीनं दाराकडं पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला. ती वळली.

"थांब," जमना म्हणाली.

तिनं मागच्या दारातून हाक मारली, "आई!" कुंपणापलीकडं दोघी बायकांचं बोलणं रंगात आलं होतं. कुणी ओ दिली नाही. तिनं आणखी एकदा हाक मारली. मग ती आतल्या खोलीत गेली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि विळी बाहेर काढली.

बेबीचे डोळे मोठे झाले. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आजी म्हणाली, तुला सांगायचं नाही."

"मग नको सांगू. त्या खांबाला पाठ लाव बघू. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

बेबी खांबाला टेकली. जमना पाटावर पाय रोवून बसली. गोळ्यांमुळं तिचे हात कापायचे. दोन्ही हातांत कैरी धरून ती नुसती बसून राहिली. कापरं थोडं ओसरलं, तेव्हा तिनं कैरी पात्यावर टेकवली. पहिली फोड जाड पडली. दुसरीही.

"हललीस?"

"नाही हलले."

दारात सावली आली. गोदूबाईच्या हातातून पदर सुटला, दुधीच्या फोडी उंबऱ्यावर विखुरल्या. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "बेबी, इकडं ये बाळा."

"हिनं सांगितलंय, हलायचं नाही."

जमनानं शेवटची फोड पाडली, विळी बाजूला सारली. फोडींना मीठमसाला चोळून वाटी पुढं केली. "झालं. जा आता."

गोदूबाईनं नातीला ओढून छातीशी धरलं. मग तिचे पंजे उलटेपालटे करून एकेक बोट पाहिलं. जमनानं ते पाहिलं.

तिनं विळी धुतली, उचलली. ती जवळून जाताना गोदूबाई पोरीसकट भिंतीला सरकली. जमनानं विळी कणगीत होती तशी खुपसली, वरचं भात तळव्यानं सारखं केलं आणि येऊन परत परात पुढं ओढली. एक वाल. दुसरा वाल. घरात फक्त बेबीचं कैरी चावणं ऐकू येत होतं.

गोदूबाईनं पोरीला खाली सोडलं. मग आतल्या खोलीत गेली. भात सरकल्याचा आवाज आला.

"ओली विळी भातात खुपसलीस?"

जमनानं मान वर केली.

"अक्कल कुठं ठेवलीस गो? वर्षाचं भात आहे, बुरशी धरली तर खाणार काय? पुसायला घरात एक फडकं मिळालं नाही तुला?" आवाज चढत चुलीशी आला. "आणि ह्या काय कैरीच्या फोडी म्हणायच्या? पोरीच्या घशात अडकली असती म्हणजे!" तिनं पदरानं विळी खसाखसा पुसली आणि भिंतीलगत दणकन आदळली. पाट ओरखड्यावर नेमका बसला.

कुंपणापलीकडून अंबूबाई घाबरून ओरडली, "गोदू! काय झालं गो?"

"काही नाही!" गोदूबाई तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "माझ्या सुनेला बोलतेय!"