दोन पांढऱ्या वाट्या

ढवळता ढवळता आश्लेषानं काचेची कांडी बोटाला टेकवली आणि घरी खीर चाखावी तसं ते बोट जिभेला लावलं.

शिरगुप्पे मॅडम तिच्याकडे धावल्या. कलिल द्रावणांच्या प्रात्यक्षिकासाठी सकाळी त्यांनीच दोन वाट्या भरून ठेवल्या होत्या. एकीत मुलींनी उकळत्या पाण्यात घालायचा स्टार्च, दुसरीत त्या स्वतः करून दाखवणार होत्या त्या पिवळ्या द्रावणासाठी सोमलाचं विष. दोन्ही पांढरंशुभ्र. चिठ्ठ्या नंतर लावू म्हणता म्हणता राहून गेल्या. आता त्यांच्या टेबलावर एकही वाटी नव्हती; दोन्ही मुलींनी उचलून नेल्या होत्या.

"थुंक आधी. चूळ भर."

"काय झालं, मॅडम? शिजलंय का तेवढं बघत होते."

मॅडमनी तिच्या वाटीत उरलेल्या पावडरीवर आयोडीन टाकलं. पावडर गर्द निळी झाली. स्टार्चच होता. मॅडमनी आयोडीनच्या बाटलीला बूच लावलं.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून दुसऱ्या गटातली रेवती म्हणाली, "मॅडम, आमचं घट्टच होत नाहीये. आणि चव तर काहीच लागत नाही."