बाबा वर आहेत

"आता लिव्हर हलवा काकाजी. पी, आर, एन, डी. मधात थांबत थांबत. अन् ब्रेकवरचा पाय काढू नका!" भैय्याजी खालून ओरडले.

मनोहररावांनी लिव्हर हलवला. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर होती, जमिनीपासून पुरुषभर उंच, आणि मनोहरराव गाडीत होते. भैय्याजींचा मिस्त्री साळ्याच्या लग्नाला गेला होता. त्यामुळे नवं तेल गिअरबॉक्समध्ये फिरवण्यासाठी आत बसायचं काम गाडीमालकाकडेच आलं होतं.

तेलाचा निर्णयही त्यांचाच. जुनं निघालं ते काळंभोर, करपलेल्या वरणाच्या वासाचं. "याच्यात गिअरबॉक्सचा सारा कचरा हाये," भैय्याजींनी आधीच बजावलं होतं. "पण त्या कचऱ्याच्याच भरवशावर गाडी चालून राहिली. नवीन टाकलं तं एक तं मक्खन चालंल, नाही तं इथंच बसंल. अन् कोणतं टाकू? सगळ्या गाड्यांले चालते ते सस्तं, का गाडीच्या पुस्तकात लिहिलं ते?" मनोहररावांनी पुस्तकातलं निवडलं. लालभडक, बर्फाच्या गोळ्यावर ओततात तसलं.

गाडी ऑटोमॅटिक होती, हेच तिचं मोठेपण. लकव्यानंतर मनोहररावांच्या डाव्या पायाने राजीनामा दिला होता, आणि या गाडीला डावा पाय लागत नव्हता.

"डी लागला?"

"लागला."

"झटका बसला का?"

"नाही गा. लोण्यावानी."

"जमलं मंग! पी मध्ये टाका, बंद करा. खाली घेतो."

मनोहररावांनी चावी फिरवली आणि त्याच वेळी गॅरेजमधली लाइट गेली.

"आता?"

"आता काही नाही. लिफ्ट लाइटवर उतरते. बसा आरामात. दार तेवढं उघडू नका."

मनोहररावांनी सीट मागे पाडली. काचेबाहेर, बरोबर डोळ्यासमोर, बंद पंख्याच्या पात्यावर एक कबुतर बसलं होतं. त्याने मनोहररावांकडे पाहिलं. एवढ्या उंचीवर त्याला माणूस अपेक्षित नसावा.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली. "भैय्याजी, बाबा कुठं आहेत?" आवाज ऋषिकेशचा, म्हणजे मनोहररावांच्या मुलाचा.

"वर हायेत."

वरच्या मजल्यावर भैय्याजींची वेटिंग रूम होती. ऋषिकेशने जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बरं झालं. एक काम करा. त्यांना सांगा गिअरबॉक्स गेला. पार्ट मिळत नाही. गाडी मेली."

"पण गाडी तं मस्त…"

"मस्त आहे म्हणूनच तर! परवा बाजारात गाडी मागे घेताना आर समजून डी टाकला त्यांनी. थेट मेडिकलच्या काउंटरपर्यंत गाडी. अन् वरून म्हणतात कसे, बीपीची गोळी घ्यायचीच होती."

आपलंच वाक्य पुन्हा ऐकून मनोहररावांना चांगलं वाटलं. त्यांनी खिडकीच्या कडेवरून एक डोळा खाली टाकला.

भैय्याजी बोट वर करून दाखवत होते.

"हो ना, त्याचीच कृपा," ऋषिकेशने हात जोडले. "म्हणून तर मेडिकलवाला वाचला."

भैय्याजींनी बोट खाली घेतलं.

"हसू नका भैय्याजी. ते गाडी घेऊन निघाले की गेट वाजेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. बायको म्हणते, फोन करा. केला तर? चालवता चालवता उचलतील ना ते! कुठं जायचं ते सांगावं फक्त. मी नेऊन देतो. कधी नाही म्हटलं का मी?"

नव्हतं म्हटलं. पोराच्या डोक्याला मधोमध टक्कल पडत होतं. घरी हे कधी दिसलं नव्हतं. मनोहररावांच्या ओठांवर 'ऋषी' आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

पोरगा नेऊन द्यायचा, पण आधी कुठं ते सांगावं लागायचं. मनोहररावांना ते बरेचदा हुडकेश्वरच्या चौकात पोचल्यावर सुचायचं. चौकातून डावीकडे वळलं की धंतोली, डॉक्टर, रक्त, लघवी, पुढच्या तपासणीची तारीख. उजवीकडे बाकीचं सगळं. डावीकडे न्यायला पोरगा होताच. गाडी लागायची ती उजवीकडे जायला.

"सांगाल ना?" खाली ऋषिकेश विचारत होता. "तुमचं मानतात ते."

भैय्याजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग तेलाच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं.

"मी नाही सांगत. आता गरजही नाही."

"काहून?"

"ते ऐकून राहिले."

ऋषिकेशने मान वर केली. बापलेकांची नजर भेटली. कबुतराने दुसरीकडे पाहिलं.

"बाबा… तुम्ही गाडीत?"

"मंग कुठं जाणार? लाइट नाही."

"बाबा, मी ते… म्हणजे तुमच्यासाठीच…"

"माहीत आहे," मनोहरराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. ऋषिकेशला तो असता तर बरं वाटलं असतं.

मनोहररावांनी सीट सरळ केली. पट्टा लावला. चावी फिरवली, ब्रेक दाबून लिव्हर पी वरून डी वर आणला, अक्षर दोनदा वाचलं आणि ब्रेक सोडला. झटका नाही, आवाज नाही. ऋषिकेशच्या डोक्यावर पुढची दोन्ही चाकं संथ फिरू लागली.

"बाबा! काय करून राहिले? थांबा!"

"अहो काकाजी, ब्रेक!"

काटा वीसवर आला. समोर कबुतर होतं, त्याच्यामागे भिंत. मनोहररावांनी आरशात पाहिलं. मागून कोणी येत नव्हतं. त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला.