शेऱ्याचा रकाना

आकडेवालीने लिफाफा फोडून चिठ्ठी वाचली आणि खात्री करायला पुन्हा एकदा वाचली. बाटली क्रमांक सदतीस : नुसतं तेल.

रुग्णांच्या नोंदी ठेवायचं काम तिचं, म्हणून संशोधन केंद्रात सगळे तिला आकडेवालीच म्हणायचे. एकशेवीस मोठी माणसं, सगळी जुन्या दुखण्यांनी गांजलेली. निम्म्यांना रोज गांजाच्या अर्काचे थेंब, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं तेल. कुणाच्या बाटलीत काय, हे सहा आठवडे ना त्यांना ठाऊक होतं, ना तिला. आज ज्याचं त्याला सांगायचं होतं. आणि सदतीस नंबर म्हणजे ड्रायव्हरकाका. क्लच दाबून दाबून त्यांचा गुडघा पार कामातून गेलेला. पण वहीतले आकडे बघा : झोप दोन तासांवरून सातवर, दुखणं दहापैकी आठवरून तीनवर. एवढे देखणे आकडे दुसऱ्या कुणाचे नव्हते.

बाहेर हसण्याचा आवाज आला. काका ताठ चालत आत शिरले. त्यांची काठी मागून येणाऱ्या मेहुण्याच्या काखेत होती.

"काय आकडेवाली, असा रुबाबदार गंजेटी कधी पाहिला होता का?" काका खुर्चीत बसत म्हणाले. "गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा गंजेटी!"

"गल्लीत कसलं, अख्ख्या बसडेपोत डंका पिटलाय," मेहुणा म्हणाला.

वेळ काढायला तिने काकांची वही चाळायला घेतली. रोज संध्याकाळी थेंब घ्यायचे आणि घरच्या साक्षीदाराने समोर बसून सही करायची, असा नियम होता. शेजारी शेऱ्याचा रकाना. त्यात मळमळ, चक्कर वगैरे लिहायची होती. आजवर तिने नुसते आकडेच उतरवून घेतले होते. शेरे ती आज पहिल्यांदा वाचत होती. मेहुण्याचं अक्षर तिरपं होतं.

पहिला दिवस : 'थेंब घेतले. माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.'

पाचवा : 'थेंब घेतले. चहा दिला. पाणचट.'

बारावा : 'थेंब घेतले. पत्ते काढले. रडीचा डाव खेळतात.'

विसावा : 'थेंब घेतले. ताईचा विषय निघाला. दोघेही रडलो. मग जेवलो.'

"ताई कोण?" तिने विचारलं.

"माझी बहीण. यांची बायको." मेहुण्याने काठी दुसऱ्या काखेत घेतली. "ती गेली, आणि तिच्या औषधोपचारांवरून आमचं वाजलं. तीन वर्षं तोंड बघत नव्हतो एकमेकांचं. तुम्हाला साक्षीदार नात्यातलाच हवा होता. यांना माझ्याशिवाय आहे कोण?"

"नाइलाज होता," काका म्हणाले.

तिने पान उलटलं. एकतिसावा दिवस : 'थेंब घ्यायचे राहिले. अकरा डाव झाले.' त्या दिवसाच्या झोपेच्या रकान्यात काकांनी आठ तास लिहिले होते.

तिने वही मिटली. आता सांगायलाच हवं होतं.

"काका, तुमच्या बाटलीत गांजा नव्हता. साधं तेल होतं."

काकांनी पाय लांब केला, गुडघ्यात दुमडला, पुन्हा लांब केला. झालं, आता दुखायला लागणार, असं तिला वाटलं. आपणच या माणसाची झोप उडवली.

"एक थेंबसुद्धा नाही?"

"नाही."

काकांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याची मिशी थरथरत होती.

"म्हणजे दाजी," तो म्हणाला, "सहा आठवडे तुम्ही पूर्ण शुद्धीवर खेळत होता? आणि तरी हरत होता?"

काकांच्या पोटातून आधी एक हुंकार निघाला आणि मग ते जे हसत सुटले, ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा हातात घ्यावा लागला. मेहुणा भिंतीला टेकून हसत होता. काठी कधीच खाली पडली होती. "आता डेपोत काय तोंड दाखवू रे!" एवढंच काकांना जेमतेम म्हणता आलं. आकडेवालीनेही ओढणी तोंडाला लावली, पण खांदे काही ऐकेनात. शेजारच्या खोलीतून डॉक्टर डोकावून गेले. त्यांना वाटलं, या बाटलीत भलताच अर्क निघालेला दिसतोय.

"दुखणं वाढलं तर लगेच फोन करा, काका," ती अखेर म्हणाली. "डॉक्टर खरं औषध देतील."

"करीन की. पण तूर्तास दुसऱ्या कुणाला तरी द्या."

ते गेल्यावर ती नोंदी चढवायला बसली. झोप, सात. दुखणं, तीन. शेऱ्यासाठी संगणकात फक्त चाळीस अक्षरांची जागा होती. तिने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आणि उठून खिडकीपाशी गेली.

खाली थांब्यावर दोघे हातवारे करत तावातावाने भांडत होते. बस आली, दार उघडलं. भांडण थांबलं नाही. चालकाने हॉर्न वाजवला. काकांनी मान वर न करताच हाताने खूण केली : चल, जाऊ दे.