शेवंतीचा एक श्वास

धक्क्यावरच्या यंत्राच्या काचेवर दहा सेकंद बोट ठेवायचं आणि हिरवा दिवा लागला तरच समुद्रात उतरायचं, असा पाणबुड्यांचा नियम होता. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होत असेल, तर हृदय ताजंतवानं. एकसारखंच राहिलं, तर थकलेलं.

साठीच्या शेवंती मेथरला दोनदा लाल दिवा लागला होता.

"काकी, तिसऱ्यांदा लागला तर परवाना कायमचा रद्द," डॉक्टर जुईली म्हणाली.

"चाळीस वर्सा बुडी मारतंय. काळीज थकला तर पयला माका कळतला, तुझ्या काचेक नाय!" असं म्हणून शेवंतीने बोट टेकवलं आणि सवयीने श्वास सोडायला सुरुवात केली.

सातवा सेकंद आला तरी ती श्वास सोडतच होती. जुईली चमकली. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. इतरांचे दहा सेकंदांत दोन-तीन श्वास होतात. शेवंतीचा अर्धाच होत होता, म्हणून यंत्राला अंतरातला पुरा चढउतार दिसतच नव्हता! जुईलीने झटकन यंत्राची वेळ पाच मिनिटांवर नेली.

पडद्यावरची ठोक्यांमधल्या अंतराची रेघ चढू लागली, चढतच गेली आणि तितक्याच सावकाश उतरली. मग पुन्हा चढली. एवढी मोठी लाट त्या पडद्यावर कुणी पाहिली नव्हती. मागे रांगेत उभे असलेले पाणबुडे पुढे सरकले.

हिरवा दिवा लागला तरी जुईली बघतच राहिली.

"अगो, आता तू पण श्वास घे," शेवंती म्हणाली आणि पाण्यात उतरली.